खंडवेवाला

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. ज्या गायकाबद्दल मी आज लिहितोय, त्याचा मी लहानपणापासून नंबर एकचा भक्त. पण त्याची म्हणून जी गाणी मी पाठ केली होती, ती त्याने गायलेलीच नव्हती!

झालं असं. आमचं घर धुळ्याचं. वडिलांचा (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) लाउडस्पीकर आणि मंडपाचा धंदा. लग्नसराईत पांझरेच्या दोन्ही बाजूंना आमचे भोंगे वाजायचे. घरात कॅसेटींचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात एक बिनकव्हरची, पांढऱ्या रंगाची कॅसेट. अण्णांनी सांगितलं, ही किशोरकुमारची. मी साधारण आठ वर्षांचा असेन. पुढची बारा वर्षं ती कॅसेट मी इतक्या वेळा वाजवली, की पेन्सिल घालून टेप गुंडाळायचं काम हातांना डोळे मिटून जमायचं. रेडिओवर किशोरची तीच गाणी लागायची तेव्हा जरा वेगळी वाटायची. मी म्हणायचो, रेडिओला खरखर असते, त्यामुळे असेल. शिवाय कुमार सानूचा आवाज अगदी आमच्या किशोरसारखा आहे, असं मी मित्रांना मोठ्या अभिमानाने सांगायचो. आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

२००४ च्या गॅदरिंगला मी या जळगावातच, होस्टेलच्या पोरांच्या आग्रहाखातर स्टेजवर चढलो. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, मागच्या रांगेतून वन्स मोअर आला. मी हवेत! दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आमचे लॅब असिस्टंट सर ऑसिलोस्कोपची वायर सोडवत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, की ही गाणी कुठून शिकलास? मी कॅसेटबद्दल सांगितलं. सर म्हणाले, की पोरा, तू किशोरची नाही, किशोरची नक्कल करणाऱ्याची नक्कल करतोयस. नाकातला तो बारीक स्वर किशोरचा नव्हे, सानूचा. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून चार कॅसेटी आणून माझ्या हातात ठेवल्या. एच.एम.व्ही.च्या, ओरिजिनल.

शनिवार-रविवार रूमवर वॉकमन कानाला लावून पडून राहिलो. मेसला शेवभाजी होती तरी गेलो नाही, यावरून काय ते समजा. खरं सांगतो, पहिल्यांदा रागच आला. बारा वर्षं आपण काय ऐकत होतो? मग हळूहळू उत्सुकता वाटू लागली, की हा माणूस होता तरी कोण?

तर हा माणूस आपल्या शेजारचा. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसा. रावेर गेलं, बऱ्हाणपूर गेलं, नेपानगरची कागद गिरणी गेली, की खंडवा. जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तिथे कुंजलाल गांगुली नावाचे बंगाली वकील होते. त्यांच्या घरी ४ ऑगस्ट १९२९ ला शेंडेफळ जन्माला आलं, त्याचं नाव आभासकुमार. थोरला भाऊ अशोककुमार तब्बल अठरा वर्षांनी मोठा. मध्ये बहीण सतीदेवी आणि भाऊ अनूपकुमार. अशोककुमार मुंबईला बॉम्बे टॉकीजमध्ये लागले ते (आमच्या सरांना हे सांगायला फार आवडायचं) लॅब असिस्टंट म्हणून! हिरो पळाला म्हणून त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि १९३६ च्या 'अछूत कन्या'ने ते घराघरांत पोचले. तेव्हा आभास सात वर्षांचा होता.

लहानपणी त्याचा आवाज फाटका होता म्हणे. अशोककुमार एक गोष्ट सांगत. स्वयंपाकघरात आईकडे धावत येताना पोराचा पाय विळीवर पडला आणि बोट कापलं. दुखणं इतकं, की पोर दिवसेंदिवस भोकाड पसरून रडलं आणि त्या रियाजाने आवाज मोकळा झाला. खरी-खोटी त्यांनाच माहीत. पण शास्त्रीय संगीताची रीतसर तालीम या माणसाने कधी घेतली नाही, हे मात्र खरं.

पुढे इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज. इथे होस्टेलवाल्यांनी कान टवकारावेत. तिथल्या कँटीनची त्याच्याकडे पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि ती फेडायच्या आत साहेब मुंबईला पळाले, असं सांगतात. पुढे त्याच रकमेवर 'चलती का नाम गाडी'त एक अख्खं गाणं झालं. आपल्या मेसच्या वहीत ज्यांची नावं तीन-तीन महिने पडून आहेत, त्यांनी उगाच खूश होऊ नये. तसं गाणं आधी गाऊन दाखवा.

किशोरचा देव एकच, कुंदनलाल सैगल. सैगल म्हणजे आपल्याकडचा पहिला खरा माइकचा गायक. त्याच्या आधीची नाटकवाली मंडळी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची. सैगलने ओळखलं, की समोर माइक आहे, तर कानाशी बोलल्यासारखं गाता येतं. आधी रेमिंग्टनचे टाइपरायटर विकणारा हा माणूस १९४७ च्या १८ जानेवारीला जालंधरला गेला, तेव्हा त्याचं वय पुरतं त्रेचाळीसही नव्हतं. त्याच्या मागे अख्ख्या हिंदुस्थानात सैगलसारखं गाणाऱ्यांची रांग लागली. मुकेशसुद्धा त्यातलाच. आणि किशोरही. १९४८ च्या 'जिद्दी'मध्ये खेमचंद प्रकाश यांनी त्याला पहिलं मोठं गाणं दिलं. ते ऐका, सैगलच गातोय असं वाटतं.

म्हणजे किशोरकुमारची सुरुवातही नकलेपासूनच! हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्याला यातून बाहेर काढलं सचिनदेव बर्मन यांनी. ते अशोककुमारांच्या घरी गेले असता आतून सैगलच्या थाटात कोणीतरी गात होतं. चौकशी केली तर धाकटा भाऊ. बर्मनदांनी त्याला सांगितलं, की नक्कल सोड, स्वतःचा गळा शोध. सल्ला सोपा आहे, पण अमलात आणायला वर्षं गेली. अनूपकुमारकडे म्हणे परदेशी रेकॉर्डी होत्या. जिमी रॉजर्स वगैरे अमेरिकन गायक गळ्याला झटका देऊन एकदम वरच्या पट्टीत आवाज नेतात, त्याला योडलिंग म्हणतात. किशोरने ते उचललं आणि हिंदी गाण्यात असं काही मिसळलं, की आज आपण त्यालाच किशोरचा ट्रेडमार्क समजतो. आता हीसुद्धा उसनवारीच ना? पण सैगल आणि रॉजर्स एकाच गळ्यात एकत्र आले, तेव्हा जे बाहेर पडलं ते दोघांचंही नव्हतं.

पन्नासचं दशक त्याने नट म्हणूनच काढलं, आणि बऱ्याचदा मनाविरुद्ध. संगीतकार त्याला गायक मानायलाच तयार नव्हते. 'नौकरी'च्या वेळी (१९५४) खुद्द सलील चौधरींना वाटत होतं, की हिरो किशोर असला तरी गाणं हेमंतकुमारने गावं. 'रागिनी'त तर (१९५८) पडद्यावर किशोर आणि आवाज महंमद रफीचा! ज्याला पुढे आठ वेळा फिल्मफेअरचं सर्वोत्कृष्ट गायकाचं पारितोषिक मिळालं, त्याला उसना आवाज घ्यावा लागला होता. त्याच सलीलदांच्या 'हाफ टिकट'मध्ये (१९६२) लताबाईंना यायला जमेना, तेव्हा बायकी आणि पुरुषी दोन्ही आवाज त्याने एकट्याने गाऊन युगुलगीत उरकून टाकलं. 'पडोसन'मधला (१९६८) पान खाणारा गुरू तर तुम्ही होस्टेलच्या टीव्हीवर पाहिलाच असेल.

विक्षिप्तपणाचे किस्से मी इथे देत नाही, ते कुठेही मिळतात. पैशाच्या बाबतीत तो पक्का होता, रक्कम हातात पडल्याशिवाय गात नसे, हे सगळे सांगतात. पण सत्यजित राय यांच्या 'चारुलता'साठी (१९६४) रवींद्रसंगीत गायल्याबद्दल त्याने एक पैसाही घेतला नाही, हे कमी जण सांगतात.

१९६० मध्ये त्याने मधुबालाशी लग्न केलं. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. २३ फेब्रुवारी १९६९ ला ती गेली. आणि त्याच वर्षाच्या शेवटी 'आराधना' आला. चाळिशीतला, नट म्हणून बाजारातून जवळजवळ उठलेला माणूस एका वर्षात देशाचा आवाज झाला. त्या पिक्चरमध्ये रफीचीही दोन गाणी आहेत, पण पोरांच्या तोंडी राहिली ती किशोरची.

आता थोडं बिनाका गीतमालाविषयी, कारण त्याशिवाय हिट म्हणजे काय हे तुमच्या पिढीला कळणार नाही. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर (आपले मराठीच!) यांनी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी बंद केली. मग समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनने संधी साधली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, बुधवारी, अमीन सायानींनी गीतमाला सुरू केली. आधी ती नुसती स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली, वर्षभरात आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. पत्रं मोजता मोजता माणसं दमली, मग क्रमवारीच लावायची ठरलं. दुकानदारांकडून रेकॉर्डींच्या विक्रीचे आकडे मागवायचे, गावोगावच्या श्रोता संघांचं मत घ्यायचं आणि त्यावरून गाणं कुठल्या पायदानावर ते ठरवायचं. वर्षअखेरीला सगळ्यात वरचं गाणं कोणतं, यावर पैजा लागत. अण्णा सांगतात, बुधवारी रात्री आठला पानटपरीपुढे सायकली लावायला जागा नसायची.

या क्रमवारीत वर्षाचं पहिलं गाणं म्हणून किशोर १९७१ ला 'अंदाज'साठी आला, १९७४ ला 'कोरा कागज'साठी, १९७९ ला 'डॉन'साठी. गंमत बघा, 'अंदाज'च्या त्या गाण्यात योडलिंग आहे, 'कोरा कागज'मध्ये नुसती उदासी आणि 'डॉन'मध्ये भांग प्यायलेला बनारसी थाट. तिन्ही एकाच गळ्यातून! 'आराधना' मात्र वर्षाच्या पहिल्या नंबरावर कधी आला नाही. चार्टचंही असंच असतं, आपल्या मेरिट लिस्टसारखं.

मध्ये १९७६ आलं. आणीबाणी. काँग्रेसच्या मुंबईतल्या कार्यक्रमात गायला त्याने नकार दिला. लगेच ४ मे पासून आकाशवाणी आणि दूरदर्शनवर त्याची गाणी बंद. आणीबाणी उठेपर्यंत बंदच. ज्या माणसाला पैशाचा लोभी म्हणत, त्याने त्या काळात हे नुकसान अंगावर घेतलं. वाकायला सांगितल्यावर त्या वेळी भले भले वाकले होते, म्हणून हे लिहावंसं वाटतं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हा किस्सा कळल्यापासून ती पांढरी कॅसेट माझ्या डोक्यातून गेली नाही. ग्रामोफोन कंपनीने किशोरला विचारलं होतं, की सैगलची गाणी तुझ्या आवाजात पुन्हा रेकॉर्ड करू, श्रद्धांजली म्हणून. नवं तंत्र, नवा वाद्यमेळ, वर किशोरचं नाव; हातोहात खपली असती. किशोरने नकार दिला, असं सांगतात. कारण काय, तर सैगल माझे गुरू. उद्या कोणी म्हणालं की किशोरने त्यांच्यापेक्षा चांगलं गायलं, तर काय करू? बाजाराच्या हिशेबाने हा शुद्ध वेडेपणा. पण मला पटतो.

१२ ऑक्टोबर १९८७ ला त्याने आशाताईंबरोबर 'वक्त की आवाज'साठी एक गाणं रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी अशोककुमारांचा शहात्तरावा वाढदिवस. त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने किशोर गेला. वय अठ्ठावन्न. दादामुनींनी त्यानंतर वाढदिवस साजरा करणं सोडलं. त्याच वर्षी आपल्या मराठी 'गंमत जंमत'मध्येही तो गाऊन गेला होता. मराठीतला च आणि ळ आपल्याला जमणार नाही अशी त्याला धास्ती होती, म्हणून ती अक्षरं टाळून गाणं लिहिलं, असं सांगतात. अश्विनीला घातलेली ती हाक आजही आपल्या गॅदरिंगला चुकत नाही.

आणि मग श्रद्धांजलीच्या कॅसेटींचा पूर आला. कायद्यात तशी सोय होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे मूळ रेकॉर्ड निघून दोन वर्षं झाली, की मालकाला नोटीस देऊन, रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून रेकॉर्ड करता येई. (२०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची झाली.) मूळ गाणी एच.एम.व्ही.कडे, महाग. टी-सिरीजच्या गुलशनकुमारांनी नवी पोरं उभी केली आणि स्वस्तात बाजार भरला. मुकेशसाठी बबला मेहता, रफीसाठी सोनू निगम, किशोरसाठी कुमार सानू. या कॅसेटी गीतमालेच्या पायदानावर कधी चढल्या नाहीत. तिथे सिनेमाचं मूळ गाणंच चाले. त्यांचा चार्ट म्हणजे एसटी स्टँडवरचा गाडा, लग्नातला भोंगा, ट्रकची केबिन. १९९० च्या 'आशिकी'ने सानू स्वतःच स्टार झाला आणि पुढे लागोपाठ पाच वर्षं फिल्मफेअर घेऊन गेला. एच.एम.व्ही.नेही १९९२ मध्ये लताबाईंकडून 'श्रद्धांजली' करून घेतली. सैगल, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी लताबाईंच्या आवाजात. लताबाईंचं आजोळ थाळनेर, आपल्या धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. असो.

त्या गॅदरिंगनंतर मी पहिल्या सुट्टीत धुळ्याला गेलो आणि तावातावाने पांढरी कॅसेट अण्णांपुढे ठेवली. तुम्हाला फसवलं, म्हटलं, हा किशोर नाहीच! अण्णा वायर गुंडाळत होते. त्यांना माहीत होतं. सुरुवातीपासून. भोंग्यांच्या धंद्यातला माणूस, त्याला आवाज ओळखू येणार नाही? त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, लग्नं कमी झाली होती, आणि मी वाढदिवसाला किशोरची कॅसेट हवी म्हणून हट्ट धरून बसलो होतो. ओरिजिनलचे पैसे नव्हते. त्यांनी स्वस्तातली घेतली आणि कव्हरवरचं नाव मला वाचता येईल म्हणून कव्हर आग्रा रोडवरच फेकून दिलं. एवढंच सांगितलं आणि परत वायर गुंडाळायला लागले. मी काय बोलणार?

पुढे नोकरी लागल्यावर २०११ च्या ४ ऑगस्टला मी अण्णांना घेऊन खंडव्याला गेलो. किशोरवर अंत्यसंस्कार तिथेच झाले, त्याची तशी इच्छा होती. मुंबईत एवढं मिळवूनही हा माणूस स्टेजवर स्वतःची ओळख किशोरकुमार खंडवेवाला अशीच करून द्यायचा. समाधीवर लोक दूध-जिलेबी ठेवतात, कारण ती त्याला फार आवडायची. हौशी गायकांची ही गर्दी! जो तो त्याच्याच आवाजात गायला बघत होता. मलाही कोणीतरी माइक पुढे केला, पण मी गायलो नाही. अण्णांनी मात्र स्पीकरकडे बघून मान हलवली. ट्रेबल फार झालाय म्हणाले.

आता अण्णा थकलेत. टेपरेकॉर्डर कधीच बंद पडला. मी त्यांच्या मोबाइलमध्ये किशोरची सगळी ओरिजिनल गाणी भरून दिलीत, १९४८ पासूनची, क्रमाने. परवा घरी गेलो तर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, हे सगळं चांगलंय, पण आपली ती पांढरी कॅसेट मिळते का बघ यात.